नवरदेव कुणी पाडला?

नंदुरबारहून अक्कलकुव्याला जीपने दीड-दोन तास लागतात. मला तीन दिवस लागले, आणि ते मी मुद्दाम लावले. दोन तासांत माझ्या अंगात एवढं धाडस जमा होत नाही, म्हणून मी घोडीवरून गेलो. ऐन जानेवारीत. सातपुड्यातल्या डाबच्या बाजूला गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येत होत्या त्या आठवड्यात.

काय सांगायला गेलो ते आधीच सांगून टाकतो, कारण लपवायची सवय मोडायलाच हा प्रवास होता. सव्वीस वर्षांपूर्वी माझा मित्र दिलीप याच्या लग्नाची वरात तळोद्यात निघाली होती. घोडी उस्मानचाचांची, वरातींना घोडी देणं हाच त्यांचा धंदा. तिचं नाव मैना. वरात निघायला आणि सूर्य बुडायला एकच गाठ पडली. चाचांना नमाजाला जायचं होतं. घोड्यातलं आपल्याला कळतं असं मी तेव्हा सगळीकडे सांगत फिरायचो, म्हणून त्यांनी लगाम माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तंग मी आवळेल शे. पन हाई पोट फुगाडस. दहा पावलं चालाड, मंग परत एक भोक आवळ." तंग म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा. घोडी तो आवळताना श्वास भरून पोट फुगवते आणि मग हळूच सोडते. पट्टा ढिला पडतो. लहान पोराला बनियन घालताना ते अंग ताठ करतं, तसलाच प्रकार.

चाचा गेल्यावर मला दिलीपची दया आली. थंडी कडाक्याची, नवरदेव सॅटिनच्या शेरवानीत. मी तंग सोडला, त्याच्या पायांना ऊब मिळावी म्हणून खोगिराखाली एक जाडजूड रजई घातली आणि परत बांधला. तेवढ्यात समोर कुणीतरी गरम जिलेबीची परात आणली. दहा पावलं झाली, वीस झाली. मी तिसऱ्या जिलेबीवर होतो तेव्हा खोगीर रजईसकट फिरलं आणि नवरदेव आधी आडवा, मग उलटा होऊन बँडच्या मोठ्या ढोलावर पडला. ढोल फुटला. दिलीपचं मनगट मुरगळलं, मंगलाष्टकं त्याने हात गळ्यात बांधून ऐकली. मैना खोगीर पोटाखाली लोंबकळत असताना बाजारातून पळत सुटली.

सगळे म्हणाले, घोडी वाईट. मी काहीच म्हणालो नाही. रजई उचलून घडी केली आणि मंडपात नेऊन ठेवली.

पुढच्या हंगामापर्यंत मैनाचं नाव पडलं 'पाडणी'. नवरदेव पाडणारी घोडी कोण बोलावणार? उस्मानचाचांनी ती गुजरातकडच्या एका माणसाला देऊन टाकली, तळोदा सोडलं आणि अक्कलकुव्याला सासरवाडीच्या आधाराने गाद्या-रजया भरायला बसले. हे मला सगळं माहीत होतं. आणि तरी मागच्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी 'उस्मानची पाडणी'चा किस्सा रंगवून सांगितला, लोक खिदळले, तेव्हा मीही हसलो. ते हसणं घशात राहिलं. पाणी प्यायलो तरी गेलं नाही.

नंदुरबार ते तापीपलीकडे

घोडी मावसभावाची होती. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, ठेंगणी, सोनेरी, नाव सोनी. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती नजर मी आमच्या शाळेच्या ऑफिसात बघितलेली आहे. बिलं घेऊन चौथ्यांदा आलेला माणूस कारकुनाकडे, म्हणजे माझ्याकडे, असं बघतो.

माझी बायको मंगल दारात उभी राहून म्हणाली, "लोके पन्नाशीनंतर चारधामले जातस. तुम्ही घोडावर अक्कलकुवाले!"

"व्यायाम होईल," मी म्हणालो. खरं कारण तिलाही सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षांत एकदाही.

थंडीची तयारी मात्र जय्यत होती. आत दोन बनियन, दोन स्वेटर, मफलर, माकडटोपी. पायात मोजे, मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर बूट. छातीला वारा लागू नये म्हणून स्वेटरच्या आत कालचं वर्तमानपत्र. एवढं घालून झाल्यावर पाय रिकिबीपर्यंत उचलेना. शेवटी पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढून मी घोडीवर बसलो. बसलो म्हणजे ठेवला गेलो. दहा पावलांवर उतरलो, तंग एक भोक आवळला आणि परत टाकी शोधू लागलो. मंगल दारातच उभी होती. हसली नाही. ते जास्त लागलं.

गावाबाहेर मिरचीच्या पथारी लागल्या. लाल मिरची वाळत घातलेली, एकरच्या एकर, सकाळच्या उन्हात नुसती पेटल्यासारखी. ऊब वाटेल म्हणून मी घोडी मुद्दाम कडेने घेतली. ही माझी पहिली चूक. आधी सोनी शिंकली, मग मी, मग पुन्हा ती. पथारीवरच्या बाया काम थांबवून बघायला लागल्या. मी शिंकलो की आतलं वर्तमानपत्र फडफडायचं, त्या आवाजाने सोनी बिचकायची, ती बिचकली की मी आणखी फडफडायचो. शेवटी भर रस्त्यात स्वेटरमध्ये हात घालून मी ते वर्तमानपत्र ओढून काढलं, तेव्हा एका बाईने विचारलं, "भाऊ, वाची व्हयना का?"

तापीच्या पुलावर वारा असा अंगावर आला की रिकिबीतले पाय माझे आहेत की दुसऱ्या कुणाचे, कळेना. पिशव्यांमुळे पायांना घाम आला होता आणि आता तो घाम गार पडला होता. पूल संपल्यावर उतरलो, पिशव्या काढून खिशात कोंबल्या. परत जावं असं पहिल्यांदा तिथे वाटलं. 'या थंडीत म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन त्याला कशाला त्रास द्यायचा' हा विचार किती समंजस! थंडीचं हे एक चांगलं आहे, ती माणसाच्या भित्रेपणाला स्वेटर घालते. मी स्वतःशी ठरवलं, अक्कलकुव्यापर्यंत जायचं नाहीच. फक्त पुढच्या चहापर्यंत जायचं. चहा पिऊन बघू.

त्या चहाने मला पुढच्या गावापर्यंत नेलं. तिथे सुमनबाई नावाच्या शेतकरीण बाईंच्या खळ्यात सोनीला पाणी पाजायला थांबलो. बाईंनी मला शेकोटीजवळ बसवलं, माझ्या बुटांकडे आणि मग घोडीकडे बघितलं.

"कथा चालनात?"

"अक्कलकुव्याला. ओळखीचे आहेत."

"आनि सारा रस्ता वर बठीसन?"

"मग?"

"मंग पाय गार पडतीन नही तं काय! घडीभर बठानं, घडीभर उतरीसन चालानं. घोडीबी गरम, तुम्हीबी गरम. आन हात तिना मानना केसमा घालाना." मग आपल्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "इतला कपडा घालात, पन अक्कल घरीच ठेई उनात."

दुपारी त्यांनी कळण्याची भाकरी वाढली, उडीद-ज्वारीच्या दळणाची, वर तेल आणि ठेचा, आणि शेजारी काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. आमच्या घरीही कळण्याची भाकरी होते, पण गॅसवरची. तिला हा धुराचा वास नसतो आणि तिच्यामागे तीन तासांची थंडी नसते. मी चार खाल्ल्या. रात्री तिथेच पडवीत झोपलो. झोपण्याआधी बाईंनी विचारलं, "अक्कलकुवाले काय काम?" मी म्हणालो, "सहज." त्या म्हणाल्या, "सहज कोनी इतली थंडीमा जास नही." आणि आत गेल्या.

तळोदा

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंचं ऐकलं. एक कोस बसून, एक कोस चालून. अंगात खरंच ऊब आली. घोडीबरोबर चालण्यात आणखी एक फायदा असा की ती शेजारी असते, समोर नसते, त्यामुळे तिच्याशी बोलता येतं. मी सोनीसमोर कबुलीजबाबाची तालीम केली. पहिल्या वेळी मी 'चाचा, त्या दिवशी थोडा गैरसमज झाला' असं म्हणालो. सोनीने शेपटी हलवली. दुसऱ्या वेळी 'तंग जरा ढिला राहून गेला असावा.' राहून गेला! स्वतःच राहून गेला म्हणे! ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडातून कर्ता असलेलं वाक्य निघणं फार अवघड. तळोद्याच्या वेशीपर्यंत मला तीन शब्द जमले : "मी तंग सोडला." ते म्हणताना माझा आवाज इतका चिरका आला की बाजूच्या पपईच्या बागेतल्या माणसाने वळून पाहिलं.

तळोद्यात जीपच्या थांब्यावर चहाला थांबलो. समोर सातपुडा निळा आणि जवळ, डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीपा टपापर्यंत भरलेल्या. एक ड्रायव्हर सोनीभोवती फिरून आला.

"काका, हिले रिव्हर्स शे का?"

"नाही."

"मंग परत कसं येशात?"

सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न बरोबर होता. दुसरा म्हणाला, "नंदुरबारले रिकामी जाई ऱ्हायनू काका. घोडीले टेम्पो मिळी जाई, तुम्ही पुढे बठा. हीटर शे." हीटर! त्या एका शब्दाने माझे गुडघे आपोआप त्याच्या जीपकडे वळले. मी उठलोसुद्धा. दाराच्या कडीला हात लावला. कडी बर्फासारखी गार होती, हात झटक्यात मागे आला, आणि तेवढ्या क्षणात चहावाल्याने आवाज दिला, "काका, चहा!" तो हातात घेतला. गरम होता. चहा संपेपर्यंत जीप गेली होती. लोक याला निश्चय म्हणतात की नाही, माहीत नाही.

वरात ज्या रस्त्याने निघाली होती तो मी चालत ओलांडला. जिथे दिलीप पडला तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर दुकानदाराने कव्हर विकलं असतं.

अक्कलकुवा

तिसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. महामार्गावर ट्रकांची रांग, गुजरातच्या पाट्या, आणि एका गल्लीच्या तोंडाशी कापसाचा पांढरा धुरळा. त्या धुरळ्यात उस्मानचाचा बसलेले होते. पांढरी दाढी, त्यावर आणखी कापूस. शेजारी त्यांची बायको, हमीदाचाची, रजईला टाके घालत होती.

चाचांनी माझ्याकडे बघितलंच नाही. उठून ते थेट सोनीकडे आले, तिच्या मानेवरून हात फिरवला, पायाचा खूर उचलून पाहिला, तंगात दोन बोटं घालून पाहिली.

"बरोबर आवळेल शे," ते म्हणाले. "कोन शे?"

"मी सुधाकर. दिलीपचा मित्र. तळोद्याची वरात."

त्यांचा हात सोनीच्या पाठीवरच थांबला. चाचीने सुई टाकली, चहा ठेवायला आत गेली. मी बाकावर बसलो. तीन दिवस जमवलेले तीन शब्द कुठे गेले कळेना. मी थंडीबद्दल बोललो. मिरचीबद्दल बोललो. चाचा नुसते ऐकत होते. चाची चहा घेऊन आली, बशीत ओतला आणि म्हणाली, "बेटा, इतला दूर थंडी सांगाले उना का? थंडी तं आमनाकडेबी शे."

मग मी बोललो. मी तंग सोडला. मी रजई घातली. मी दहा पावलांवर परत आवळला नाही, कारण मी जिलेबी खात होतो. घोडीचा काही दोष नव्हता. तुमचा तर नव्हताच. मी सगळ्यांसमोर गप्प राहिलो.

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा हात झटकून 'जाऊ दे' म्हणतील. दोन्हींची तयारी करून गेलो होतो. तिसऱ्याची नव्हती.

"त्या दिवशी मैना सापडनी तळ्याकडे," ते म्हणाले. "उभी व्हती. मन्हाकडे दखी ऱ्हायंती. मी तिले मारं. चाबूकवरी. पैदा व्हयनी तैनपाईन कधी हात लावा नव्हता. त्या दिवशी मारं." मग थोडं थांबून म्हणाले, "तिना दोष नही व्हता. तरी मारं. आते तू हलका व्हयना, सुधाकर. मी जड व्हयनू."

चाची म्हणाली, "बस कर आते." पण ती त्यांना म्हणाली की मला, समजलं नाही.

मी म्हणालो, "माफ करा चाचा."

"माले काय माफी मांगस? माले कोन 'पाडणी' म्हनं नव्हतं. उद्या बाजार शे. बाजारमा सांग."

मी जन्मात चार माणसांत उभं राहून बोललेलो नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानायची पाळी आली तेव्हा मी आजारी पडलो होतो. रात्रभर चाचीने दिलेल्या नव्या रजईत मी घामाघूम होतो. ती रजई मी आतापर्यंत पांघरलेल्या सगळ्यांत उबदार होती, आणि तिच्याखाली झोप येणं शक्य नव्हतं.

सकाळी बाजार भरला. डोंगरातून आलेली माणसं, अंबाडीच्या जुड्या, कोंबड्या, दोरखंडं. दोरखंडांच्या ओळीत जुन्या घोडेवाल्यांची, बैलवाल्यांची बैठक असते. चाचा मला तिथे घेऊन गेले, म्हणाले, "हाऊ नंदुरबारवाला काही सांगाले उना." आणि बाजूला उभे राहिले.

मी सांगितलं.

"जोरमा सांग," चाचा म्हणाले.

मी जोरात सांगितलं. जिलेबीवर लोक हसले. ढोलावर जास्त हसले. एका म्हाताऱ्या माणसाने कपाळावर हात मारला, "म्हंजे उस्मान, तुन्ही मैना पाडणी नव्हती?"

"नव्हती," मी म्हणालो.

"मंग पाडणा हाऊ!" दुसऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि बाजारात माझं नाव पडलं. संध्याकाळपर्यंत मला पाडणाभाऊ म्हणून तीन जणांनी चहा पाजला.

हसणं चालू असतानाच चाचा पुढे आले. "मीबी सांगस," ते म्हणाले, आणि त्यांनी चाबकाचं सांगितलं. तिथे कुणी हसलं नाही. दोरखंडवाल्याने हातातला पीळ खाली ठेवला. त्या कपाळ बडवणाऱ्या म्हाताऱ्याने चाचांना बाजूला बसवलं, आणि बराच वेळ ते दोघे मैनाबद्दल बोलत बसले. ती कशी चालायची, बँड वाजला की कशी पाय उचलायची. मी तिथे होतो हे ते विसरले होते. मला ते बरं वाटलं.

निघताना चाचांनी 'माफ केलं' म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. सोनीच्या तोंडात त्यांनी गुळाचा खडा ठेवला आणि मला म्हणाले, "परत ये. पुढला साल."

परतीचे तीन दिवस पटकन गेले. घरी आल्यावर मंगलला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, म्हणाली, "माले वाटे तुम्हले कोनी तरी दुसरी शे. तुम्हले कधी काही सांगाले जमत नव्हतं ना." आणि मग ती बराच वेळ हसत राहिली. इतका की शेजारीण डोकावून गेली.

एक माणूस राहिला होता. दिलीपला फोन केला. त्यालाही तसंच सांगितलं, कर्ता घालून. 

"सुधा," तो म्हणाला, "तुला खात्री आहे तंगामुळेच?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हातात ती नवरदेवाची कट्यार होती ना. नाचणारे मागून ढकलत होते. माझ्या हातून ती मैनाच्या पुठ्ठ्यात टोचली. जोरात. ती उसळली, म्हणून मी पडलो. असं मला... इतकी वर्षं. मी कुणालाच नाही बोललो. मीच नवरदेव, मीच कसा सांगणार."

सव्वीस वर्षं एकट्याने सांभाळलेलं पाप एवढ्या सहज कुणी निम्मं वाटून घेईल, हे ध्यानीमनी नव्हतं. थोडा रागही आला.

मग त्याने घसा साफ केला.

"अक्कलकुव्याचा बाजार कोणत्या वारी असतो रे?"